जबाबावर सही करायच्या आधी जरा थांब

उन्हाळी परीक्षांचे रिझल्ट लागायला लागले की आमच्या दुकानात अशी दोन-चार पोरं येतातच, जी गर्दी कमी व्हायची वाट बघत बाहेर गाडीला टेकून उभी असतात आणि मग आत येऊन हळू आवाजात विचारतात, "अक्का, खुलासा टाईप करून मिळंल का?" खुलासा म्हणलं की मला कळतं, कॉपी केस झालीय, रिझल्ट राखून ठेवलाय आणि अमुक तारखेला समितीपुढे हजर राहा असं पत्र आलंय. पत्र बहुतेक वेळा चुरगळलेलं असतं, कारण घरच्यांना दिसू नये म्हणून ते सॅकमध्ये कुठंतरी तळाला कोंबलेलं असतं.

मी सोलापुरात टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. त्याच्या आधी बरीच वर्षं वकिलांचं टायपिंग केलं. नोटिसा, अर्ज, रिट पिटिशन असं सगळं टाईप करता करता त्याला जोडलेले कोर्टाचे निकाल पण वाचायची सवय लागली, आणि जे कळायचं नाही ते विचारलं तर आमचे एक वकीलसाहेब कंटाळा न करता समजावून सांगायचे. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, कारण दरवर्षी तेच चाललंय आणि मला मनापासून वाटतं की ते बदलायला पाहिजे. कॉपी करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, रात्र रात्र जागून अभ्यास करणारी पोरं पण माझ्याकडेच झेरॉक्स काढायला येतात आणि त्यांच्यावर अन्याय व्हावा असं कुणाला वाटेल. पण सुनावणी घ्यायची असेल तर ती खरीखुरी घ्या. आणि पोरांनो, तुम्ही पण तिथं देवावर हवाला टाकून रिकाम्या हाताने जाऊ नका.

एक गोष्ट आधीच सांगते, खाली जे अनुभव लिहिलेत ते कुठल्या विद्यापीठाचे, कुठल्या कॉलेजचे हे मी लिहिणार नाही. सोलापुरातली सगळी पोरं काय एकाच विद्यापीठाची नसतात. केगावच्या आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाची असतात, नर्सिंग-आयुर्वेदवाली नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची असतात, काही इंजिनिअरिंगवाली लोणेऱ्याची, नोकरी करत शिकणारी मुक्त विद्यापीठाची, आणि पुण्याला शिकणारी सुट्टीत घरी आली की माझ्याकडे येतात ती वेगळीच. प्रकार सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच आहे. आमच्या वेळी तर सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती, २००४ ला आपलं वेगळं झालं, त्याआधी असल्या कामासाठी कोल्हापूर गाठावं लागायचं, आता निदान आपल्या जिल्ह्यातल्या पोरांचा तो हेलपाटा तरी वाचला.

तर आधी हे होतं कसं ते बघू. पेपर चालू असताना ब्लॉकवरच्या सुपरवायझरला किंवा भरारी पथकाला काही सापडलं, म्हणजे चिठ्ठी, मायक्रो झेरॉक्स, मोबाईल, स्मार्ट वॉच, हातावर लिहिलेलं, काहीही, की ते साहित्य आणि उत्तरपत्रिका दोन्ही जप्त होतात. साधारणपणे पोराला दुसरी कोरी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू देतात. मग पोराचा लेखी जबाब घेतात, सुपरवायझरचा रिपोर्ट लागतो, सगळं पाकिटात सील होऊन विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जातं आणि रिझल्ट राखून ठेवला जातो. पुढे समिती बसते. आपल्याकडे तिला प्रमाद समिती म्हणतात, काही ठिकाणी अनफेअर मीन्स कमिटी म्हणतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये याची तरतूद आहे, परीक्षा व मूल्यमापन मंडळाने जास्तीत जास्त पाच जणांची समिती नेमायची, त्यातला एक अध्यक्ष, त्यांनी चौकशी करून अहवाल आणि शिफारस मंडळाला द्यायची आणि कारवाई मंडळाने करायची. आणि ही समिती फक्त विद्यार्थ्यांची चौकशी करायला नाही बरं का, पेपर काढणारे, तपासणारे, परीक्षेच्या कामातले बाकीचे लोक यांच्याकडून गडबड झाली तर त्यांची पण चौकशी याच कलमाखाली होते. समिती फक्त शिफारस करते, निर्णय मंडळाचा असतो, हे पोरांना कुणी सांगत नाही. समोर बसलेली माणसं म्हणजे शेवटचा शब्द, असं समजून ती निम्मी खचूनच जातात.

आता या सगळ्यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद कुठला असेल तर तो जबाब. आणि नेमका तोच कागद सगळ्यात वाईट परिस्थितीत लिहिला जातो. पोरगं थरथर कापतंय, घड्याळ पुढं चाललंय, पेपर अर्धा राहिलाय, चार मोठी माणसं भोवती उभी आहेत आणि त्यातला एक जण म्हणतो, मी सांगतो तसं लिही.

एका मुलीचं सांगते. अक्कलकोटकडची, घरात कन्नड बोलणारी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची. पेपर स्टॅटिस्टिक्सचा होता. भरारी पथकाने बाकावरचं हॉल तिकीट उचलून मागं बघितलं तर पेन्सिलीने आकडे लिहिलेले, 'अ ५.१५, दु ६.१०, अ ७.३०' असं आणि खाली एक दहा आकडी नंबर. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला हॉल तिकिटाच्या मागं आकडे म्हणल्यावर केस झाली. ते आकडे म्हणजे काय होतं तर संध्याकाळच्या एसटीच्या वेळा, अ म्हणजे अक्कलकोट, दु म्हणजे दुधनी, आणि नंबर तिच्या मामाचा, कारण मोबाईल आत नेता येत नाही आणि पेपर सुटल्यावर कुणाच्या तरी फोनवरून मामाला सांगायचं होतं की कुठल्या गाडीने येतेय. हॉल तिकिटावर काहीही लिहू नका ही सूचना त्याच हॉल तिकिटावर छापलेली असते, त्यामुळे तिचं चुकलंच. पण ती कॉपी नव्हती.

तिच्या जबाबात काय होतं? "माझ्या हॉल तिकिटाच्या मागे कॉपी लिहिलेली सापडली. माझी चूक झाली. मला माफ करावे. मी पुन्हा असे करणार नाही." खाली सही. मी विचारलं की बाई गं, हे असं कशाला लिहून दिलंस, तर म्हणाली की सर म्हणले हे लिही म्हणजे साधी केस होईल, नाहीतर पोलिसात द्यावं लागंल.

मला तेव्हा जो संताप आला तो अजून आठवला की येतो. पोलिसांची भीती घालायचं काही कारणच नव्हतं. १९८२ चा महाराष्ट्राचा परीक्षांमधल्या गैरप्रकारांचा कायदा आहे, तो विद्यापीठाच्या परीक्षांना लागू होतो हे खरं आहे, डमी बसवणं, पेपर फोडणं असल्या प्रकारात पोलीस केस होते आणि व्हायलाच पाहिजे. पण एसटीच्या वेळा लिहिणाऱ्या पोरीला त्याचं नाव सांगून कबुली लिहून घेणं याला काय म्हणायचं? त्या सरांना कदाचित खरंच वाटलं असेल की आपण पोरीला मदत करतोय, प्रकरण लवकर मिटेल. पण पुढे समितीपुढे तोच कागद पहिला वाचला जातो, आणि वाचणारा म्हणणार की तू स्वतःच कबूल केलंयस, आता आणखी काय ऐकायचं.

त्या मुलीचा खुलासा आम्ही असा केला. आधी एक वेगळा अर्ज टाईप केला की जप्त केलेलं हॉल तिकीट, सुपरवायझरचा रिपोर्ट आणि माझा जबाब याच्या प्रती सुनावणीच्या आधी द्याव्यात किंवा निदान दाखवाव्यात, आणि त्याची पोच घेतली. मग खुलाशात सरळ लिहिलं की हॉल तिकिटावर लिहायला नको होतं, ते लिहिलं हे मान्य आहे, पण जे लिहिलंय ते अभ्यासक्रमाशी संबंधित नाही, आकडे कशाचे आहेत ते हे असं, आणि जबाबातली वाक्यं मला सांगण्यात आली तशी मी घाबरून लिहिली. तिच्या भावाने स्टँडवर जाऊन वेळापत्रकाच्या बोर्डाचा फोटो काढून आणला, त्याची प्रिंट जोडली. मामाच्या मोबाईलच्या बिलाची झेरॉक्स जोडली. सुनावणीत समितीतल्या एका मॅडमनी हॉल तिकीट हातात घेतलं, फोटो शेजारी ठेवला आणि बोट ठेवून ठेवून आकडे जुळवून बघितले. अर्ध्या मिनिटाचं काम होतं ते, आणि परीक्षा केंद्रावर त्याच दिवशी होण्यासारखं होतं. तिचा रिझल्ट सोडला, पण तोपर्यंत एमएस्सीच्या ॲडमिशन बंद झाल्या होत्या आणि तिचं वर्ष गेलं. निर्दोष सुटून पण वर्ष गेलं. याची भरपाई कुठल्या नियमात बसत नाही.

उशीर हीच शिक्षा होऊन बसते हे मला विद्यापीठवाल्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं. मार्चमध्ये केस, जुलै-ऑगस्टमध्ये पत्र, सुनावणी त्याच्याही पुढं, आणि तोपर्यंत पुढच्या वर्षाची ॲडमिशन, स्कॉलरशिपचा फॉर्म, कॅम्पसमध्ये लागलेली नोकरी सगळं लटकलेलं. कामाचा लोड असतो मान्य आहे, पण शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या केसेस तरी आधी घ्या ना.

आता कायद्याचं. १९६२ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, उत्तर प्रदेश बोर्ड विरुद्ध घनश्याम दास गुप्ता. तीन विद्यार्थी १९५४ ची इंटरमीजिएट परीक्षा पास झालेले, आणि डिसेंबरमध्ये त्यांना कळलं की तुमचा रिझल्ट रद्द झालाय आणि पुढच्या वर्षीच्या परीक्षेला पण बसता येणार नाही. काय आरोप आहे, तुमचं काय म्हणणं आहे, कुणी विचारलंच नाही. बोर्डाचं म्हणणं असं की हे आमचं प्रशासकीय काम आहे, विचारायची गरज नाही. कोर्टाने ते मानलं नाही, सांगितलं की अशा निर्णयाने पोराचं करिअर बरबाद होऊ शकतं, त्यामुळे परीक्षा समितीला इथं न्याय करणाऱ्याच्या भूमिकेतूनच वागावं लागेल आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागेल. म्हणजे आज पोरांना जे पत्र येतं ना की हजर राहा आणि खुलासा द्या, ते कुणी उपकार म्हणून पाठवत नाही, त्याच्यामागं हा निकाल उभा आहे.

पण याची दुसरी बाजू पण आहे आणि ती मी पोरांना जास्त जोर देऊन सांगते. समिती म्हणजे कोर्ट नाही. फौजदारी केसमध्ये जसं संशयाचा फायदा आरोपीला, तसं इथं चालत नाही, इथं कुठली गोष्ट घडल्याची शक्यता जास्त वाटते तेवढं बघितलं जातं. आपल्या महाराष्ट्राच्या एसएससी बोर्डाचीच के. एस. गांधी नावाची केस आहे, १९९१ चा निकाल. १९९० च्या दहावीच्या परीक्षेत २८३ परीक्षार्थींच्या मार्कांच्या तक्त्यात खाडाखोड सापडली होती. बोर्डाने पोरांना आणि पालकांना बोलावलं, कागद दाखवले, प्रश्नावली भरून घेतली. सगळ्यांनी मान्य केलं की मार्क बदललेत पण म्हणाले आम्ही नाही बदलले. हायकोर्टाने बोर्डाची कारवाई रद्द केली होती, सुप्रीम कोर्टाने ती परत कायम केली, म्हणलं की ज्याच्या फायद्यासाठी बदललेत त्याच्यावरून तर्क काढता येतो, प्रत्यक्ष बघणारा साक्षीदार पाहिजेच असं नाही. कारणं देणं हा न्यायाचाच भाग आहे असं पण त्यात आहे, फक्त त्या प्रकरणात कारणं नव्हती एवढ्यावरून निर्णय मोडला नाही.

अजून एक, बागलेश्वर प्रसाद म्हणून. दोन पोरांचे नंबर लागोपाठ, बाक जवळजवळ, आणि दोघांच्या उत्तरात चुका सारख्या. आता बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं, पण चुकीचं उत्तर अगदी त्याच पद्धतीने चुकलेलं दोघांकडं कसं येईल? एवढ्यावर कारवाई झाली आणि सुप्रीम कोर्टाने ती टिकवली. म्हणून "मला कुणी बघितलं का, पुरावा काय" असल्या तोऱ्यात सुनावणीला जाणाऱ्याला मी परत बसवते आणि हे सांगते.

आणि खिशातल्या चिठ्ठीचं तर विचारूच नका. निम्म्या खुलाशात एकच वाक्य असतं, चिठ्ठी होती पण मी ती वापरली नाही. एक पोरगा आला होता, म्हणाला, "अक्का लिव्हा की, मित्राची पँट घालून आलतो, मला काय माहीत खिशात काय हाय ते." मी त्याला म्हणलं हे मी टाईप करणार नाही. सीबीएसई विरुद्ध विनीता महाजन या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की परीक्षेच्या हॉलमध्ये विषयाशी संबंधित कागद जवळ सापडला की तो गैरप्रकार झाला, त्यातलं उत्तरपत्रिकेत उतरवलं की नाही हा प्रश्न नंतरचा. त्याला विचारलं खरं काय आहे, तर गप्प बसला, मग म्हणाला की दोन चॅप्टर झालेच नव्हते. शेवटी त्याने खरं तेच लिहिलं, चिठ्ठी माझी आहे, माझ्याच अक्षरातली आहे, पहिल्यांदाच केस झालीय, वडील लूमवर कामाला आहेत, अमुक विषय आधीच निघालेत, त्या पेपरपुरती शिक्षा करावी. त्याला शिक्षा झाली, पण नियमात त्या प्रकाराला जी कमीत कमी होती ती झाली. खोटं बोलला असता तर सुटला असता का? मला नाही वाटत, समितीतल्या लोकांनी मित्राच्या पँटीची गोष्ट कितींदा ऐकली असेल.

सगळ्या सेंटरलाच कॉपी झाली तर काय, हे पण पालक विचारतात. बिहार बोर्डाची १९७० ची केस आहे, एका केंद्राची अख्खी परीक्षा रद्द केली होती, कोर्ट म्हणालं की तिथं एकेका पोराला बोलावून सुनावणी घ्यायची गरज नाही कारण आरोप एकेकावर नाहीये, परीक्षाच नीट झालेली नाही. एकट्यावर ठपका ठेवायचा असेल तर मात्र त्याला ऐकावं लागतं. हा फरक लक्षात ठेवा.

आता सुनावणीच्या खोलीत काय होतं. मी स्वतः आत कधी गेलेली नाही, पण बाहेर येणाऱ्या पोरांकडून जे ऐकते त्यात एक गोष्ट सारखी येते, की पाच मिनिटात आटपलं. बाहेर पंढरपूर, मंगळवेढा, करमाळा, बार्शीकडून पहाटेच्या गाडीने आलेली पोरं आणि त्यांचे आईबाप बसलेले, एकेकाला आत बोलावतात, विचारतात हे तुझंच का, सही तुझीच का, जा. काही सदस्य खरंच मन लावून ऐकतात, त्या हॉल तिकीटवाल्या मॅडमसारखे, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण एका दिवशी एवढ्या केसेस लावल्या तर चांगला माणूस तरी किती ऐकणार.

आणि भाषा. आपल्या सोलापुरात पूर्वभागातल्या कितीतरी घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड. पोरं मराठी छान बोलतात पण ऑफिसच्या पत्राची मराठी त्यांना, खरं तर आपल्याला पण, कळत नाही. 'सदर प्रकरणी आपणांविरुद्ध प्रस्तावित कार्यवाहीबाबत' असलं वाचून एका मुलीची आई, विड्या वळणारी बाई, माझ्या काउंटरवर रडत होती, तिला वाटलं पोरीला अटक करणार. वर कुणीतरी तिला व्हॉट्सॲपवर एक कोटी दंडाचा मेसेज पाठवलेला. तो २०२४ चा केंद्राचा कायदा आहे, भरतीच्या आणि नीट-जेईईसारख्या परीक्षांतले पेपरफोडे आणि टोळ्या यांच्यासाठी, कॉलेजच्या सेमिस्टर परीक्षेचा त्याच्याशी संबंध नाही. हे सांगितल्यावर ती बाई पाणी प्यायली. साध्या मराठीत चार ओळी लिहायला काय जातं? तुमच्यावर हा आरोप आहे, हा पुरावा आहे, तो अमुक दिवशी येऊन बघा, येताना एका घरच्या माणसाला आणू शकता, सिद्ध झालं तर जास्तीत जास्त ही शिक्षा होऊ शकते. एवढंच पाहिजे.

हल्ली अजून एक नवीन प्रकार सुरू झालाय, प्रोजेक्ट आणि असाइनमेंटचा. सॉफ्टवेअरने एवढे टक्के दाखवले म्हणून नापास, किंवा एआयने लिहिलंय म्हणून शून्य. इथं लोक सर्रास यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, दहा टक्क्यांचा नियम सांगतात. तो नियम २०१८ चा आहे आणि तो प्रबंध, शोधनिबंध यांच्यासाठी आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून परत द्यायचं, ४० ते ६० असेल तर एक वर्ष परत देता येत नाही आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. त्यात पण विभागाच्या पातळीवर एक आणि संस्थेच्या पातळीवर एक अशा समित्या आहेत, बाहेरचा सदस्य लागतो, आणि म्हणणं ऐकून घ्यायचं बंधन आहे. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उत्तरपत्रिका त्या नियमातून स्पष्टपणे वगळल्यात. तिथं कॉलेजचे, विद्यापीठाचे स्वतःचे नियम लागतात, ते आधी जाहीर केलेले आहेत का ते विचारा.

एआय पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर तर माझा अजिबात भरवसा नाही. ज्या ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटी काढलं तिनेच स्वतःचं असलं ओळखायचं टूल २०२३ मध्ये बंद केलं, अचूक नाही म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध अशी टूल्स एआयचे ठरवतात. आपली पोरं म्हणजे नेमकी तीच की, पाठ केलेली, साधी, छोटी छोटी इंग्रजी वाक्यं लिहिणारी. २०२४ मध्ये हरियाणातल्या एका खासगी लॉ स्कूलच्या विद्यार्थ्याला सॉफ्टवेअरने ८८ टक्के एआय दाखवलं म्हणून नापास केलं होतं, तो पंजाब-हरियाणा हायकोर्टात गेला, आणि केस चालू असतानाच संस्थेने त्याला पास केलं. तिथपर्यंत जायची ऐपत सगळ्यांची नसते. म्हणून प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांना माझं एकच सांगणं असतं, कच्चं लिखाण टाकून देऊ नका, फाईलच्या जुन्या कॉप्या ठेवा, सर्व्हेचे भरलेले फॉर्म ठेवा, गाईडला पाठवलेले मेल ठेवा. तुमच्यावर कुणी बोट ठेवलं तर तोंडाने किती सांगणार, कागद दाखवता आला पाहिजे.

निर्णय विरोधात गेला तर पुढं काय? २०२३ पासून यूजीसीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती पाहिजे, तिने तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, तिथं समाधान झालं नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येतं आणि लोकपालाने ३० दिवसांत ते निकाली काढायचा प्रयत्न करायचा. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश, आणि त्याचं नाव, ईमेल वेबसाईटवर असायला पाहिजे. नुसते मार्क वाढवून द्या म्हणून तिथं जाऊ नका, ते घेत नाहीत, पण नियम धाब्यावर बसवून निर्णय झाला असेल तर जरूर जा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात मागता येते, ते २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदित्य बंदोपाध्याय केसमध्ये स्पष्ट केलंय, अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. आणि अगदीच वेळ आली तर हायकोर्ट. आधी सोलापूरकरांना मुंबई गाठावी लागायची, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर त्यात येतं. वकिलाची फी आहेच, पण अंतर तरी कमी झालं.

कॉलेजमधल्या सर-मॅडम लोकांना हात जोडून एक विनंती आहे. जबाब लिहून घेताना मजकूर सांगू नका. पोराला पाच मिनिटं बसू द्या, पाणी द्या, म्हणावं काय झालं ते तुझ्या शब्दात लिही. ज्याने कॉपी केलीय तो तरी काय लिहिणार, सापडलेला कागद तर तुमच्याकडंच आहे. आणि त्याला जबाबाची एक झेरॉक्स द्या. मी विचारलं की तू काय लिहून दिलंस तर बहुतेकांना आठवतच नाही हो, आणि ज्याला स्वतःचाच जबाब आठवत नाही तो तीन महिन्यांनी खुलाशात त्याच्या उलट काहीतरी लिहून बसतो आणि मग खरा असला तरी खोटा ठरतो.

आणि पोरांनो, असं काही झालंच तर घरी त्याच दिवशी सांगा. बाप ओरडेल, आई दोन दिवस बोलणार नाही, पण सुनावणीच्या दिवशी शेजारी बसायला तेच येणार आहेत. जबाबावर तुम्हाला मान्य नसलेलं वाक्य असेल तर सही करू नका, करावीच लागली तर खाली 'मजकूर मान्य नाही' असं लिहून मग करा. जे केलं नाही ते कबूल करू नका आणि जे केलंय ते नाकारू नका. दुकानात याल तेव्हा विद्यापीठाचं पत्र, हॉल तिकीट किंवा त्याची झेरॉक्स, आणि त्या दिवसाचा टाईम टेबल घेऊन या, आणि पत्र आल्या आल्या या, आदल्या रात्री शटर ओढताना आलात तर प्रती मागायचा अर्ज करायला वेळच उरत नाही. खुलासा टाईप करायचे मी पैसे घेत नाही, फक्त झेरॉक्सचे द्या.